चला भटकूया! : झोपडी, पण दगडाची

बालमित्रांनो, आजची सुरुवात एका कोड्याने करूया.

झोपडी आहे, पण गवत नाही. भिंत आहे, पण वीट नाही, माती नाही, कूडही नाही. खिडक्या आहेत, पण त्या कुणी आणून बसवलेल्या नाहीत. करणाऱ्यांनी एक वस्तू दुसरीला कुठेच जोडली नाही, तरी ही झोपडी सुमारे दोन हजार वर्षं उभी आहे. सांगा पाहू, कुठे असेल ती?

हिमालयात? आफ्रिकेच्या जंगलात? छे! ती आहे आपल्या मुंबईत, मरोळच्या अगदी शेजारी. मेट्रोने मरोळ नाक्याला उतरा, रिक्षा करा आणि म्हणा, "महाकाली गुंफा!" लेण्यांना हे नाव पडलं जवळच्या महाकालीच्या देवळावरून. अभ्यासक मात्र जुन्या गावाच्या नावावरून त्यांना कोंडिविटे लेणी म्हणतात. चहूकडे इमारती, कारखाने, गाड्यांचे भोंगे आणि मध्येच काळ्या खडकाची ही टेकडी. तिच्या एका बाजूला पंधरा आणि दुसऱ्या बाजूला चार, अशी एकूण १९ बौद्ध लेणी आहेत. भिक्षू इथे राहत, ध्यान करत. पावसाचं पाणी साठवायला त्यांनी खडकातच टाकी खोदली होती.

आपल्याला जायचं आहे ते ९ क्रमांकाच्या लेण्यात. आत शिरलं की आधी एक दालन लागतं. छत सपाट, भिंतीवर बुद्धाच्या मूर्ती. या मूर्ती नंतरच्या काळात कोरलेल्या आहेत आणि आता बऱ्याच भंगल्या आहेत. पण आपली नजर जाते ती समोर. दालनाच्या टोकाची भिंत सरळ नाहीच मुळी! ती गोल आहे, पोट पुढे काढून आपल्याकडे आल्यासारखी. मधोमध दार, दाराच्या दोन्ही अंगांना जाळीच्या खिडक्या. दारातून आत डोकावलं की गोल खोली, वर घुमटासारखं छत आणि मधोमध स्तूप. म्हणजे घरात घर! मोठ्या दालनात एक गोल झोपडी उभी केल्यासारखी वाटते. पण ती उभी केलेली नाही. तिच्या आजूबाजूचा खडक काढून टाकला आणि झोपडी तेवढी शिल्लक ठेवली.

हे काम किती अवघड असेल, विचार करा. लाकडाचं घर बांधताना एखादा वासा आखूड पडला तर दुसरा आणता येतो. खडकात तसं नाही. जाळी कोरताना छिन्नी जरा जास्त लागली आणि तुकडा उडाला, तर तो परत चिकटवता येत नाही. चित्र काढताना आपल्या हाताशी खोडरबर असतं. या कारागिरांकडे ते नव्हतं!

मग एवढे कष्ट घेऊन त्यांनी दगडात झोपडीच का कोरली? महाल का नाही?

याचं उत्तर शोधायला आपल्याला थेट बिहारमध्ये जायला हवं. गयेच्या उत्तरेला बराबरच्या टेकड्या आहेत. तिथली लेणी सम्राट अशोकाच्या काळातली, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातली. आपल्या देशातल्या सगळ्यांत जुन्या कोरीव लेण्यांत त्यांची गणना होते. त्यातल्या सुदामा नावाच्या लेण्यात आधी लांबट दालन आहे आणि टोकाला गोल झोपडी! तिच्या छपराची कडसुद्धा गवताच्या छपरासारखी पुढे आलेली दाखवली आहे. ग्रॅनाइटच्या भिंती तर आरशासारख्या घासून चकचकीत केलेल्या. बराबरची ही कल्पना आपल्या कोंडिविट्यात पुन्हा दिसते, म्हणून अभ्यासकांना या दोन लेण्यांचं नातं महत्त्वाचं वाटतं.

आता लक्षात आलं का? त्या काळची माणसं लाकूड, बांबू, गवत आणि माती यांचीच घरं बांधत. साधू-भिक्षू झोपड्यांत राहत. 'घर' म्हटलं की डोळ्यांपुढे उभं राहायचं ते हेच. हातात छिन्नी-हातोडा आला, पण मनातलं घर तेच राहिलं.

लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्यात तर याहून गंमत आहे. तिथल्या चैत्यगृहाचं कमानदार छत अखंड खडकाचं आहे. त्याला आधाराची काहीच गरज नाही. तरीही आतून खऱ्या लाकडाच्या वाकवलेल्या फासळ्या बसवल्या आहेत आणि त्या आजही तिथे आहेत! याच लेण्यातल्या एका लेखात धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या माणसाचा उल्लेख आहे. दाराचं काम त्याने केलं. हा सामी कोण होता, माहीत आहे? सुतार! दगडाच्या लेण्यात सुताराचं नाव कोरलेलं सापडावं, याहून चांगला पुरावा कोणता हवा?

असं फक्त आपल्याकडेच झालं असं मात्र नाही हं! तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर पूर्वी लिशिया नावाचा देश होता. तिथल्या मायरा गावाच्या उभ्या कड्यात सुमारे २४०० वर्षांपूर्वीची थडगी कोरलेली आहेत. लांबून पाहिलं तर वाटतं, कड्याला लाकडी घरं टांगली आहेत. तुळयांची बाहेर आलेली टोकं, चौकटी, सगळं जसंच्या तसं, पण दगडात. लिशियातल्या लोकांची ती लाकडी घरं केव्हाच कुजून, जळून गेली. ती कशी दिसत होती हे आज आपल्याला कळतं, ते या नकलेमुळे.

जपानच्या लोकांनी मात्र वेगळीच युक्ती काढली. तिथल्या इसे गावात लाकडाची, गवताच्या छपराची फार जुन्या घडणीची देवळं आहेत. ती दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने, हुबेहूब तशीच बांधतात. याआधी २०१३ साली बांधली, पुढची पाळी २०३३ साली. त्यामुळे देऊळ नेहमी नवंच असतं, पण त्याचं रूप जुनंच राहतं. आणि वीस वर्षांत जुन्या सुतारांकडून तरुण सुतार ती विद्या शिकून घेतात.

म्हणजे बघा, झोपडीचं आयुष्य थोडं. पाऊस, वाळवी, आग यांच्यापुढे ती किती टिकणार? पण कुणीतरी तिची नक्कल करून ठेवली, तर तिचं रूप टिकतं. कोंडिविट्याच्या कारागिरांनी ती दगडात केली, इसेचे सुतार ती लाकडात पुन्हा पुन्हा करतात.

आणि आपण?

मरोळला लागूनच आरेचं जंगल आहे. तिथल्या पाड्यांवरच्या वारली लोकांच्या जुन्या पद्धतीच्या घरांना कारवीच्या काठ्यांचा कूड असतो, त्यावर शेणमातीचा लेप. मरोळ-कोंडिविट्याच्या गावठाणांत लाकडी जिन्यांची, कौलारू घरं होती. काही अजून आहेत. तुमच्या आजोळी पडवी असेल, माजघर असेल, भिंतीत दिवा ठेवायचा कोनाडा असेल. अशी घरं एकेक करून पडताहेत आणि तिथे सिमेंटची नवी घरं उभी राहताहेत. त्यात कुणाचा दोष नाही. दरवर्षी कौलं चाळायची, जमीन सारवायची, हे कष्ट आजीने किती काळ करायचे? पण घर पडण्याआधी त्याची नोंद कुणी केली नाही, तर काही वर्षांनी 'पडवी म्हणजे काय?' हे नुसतं सांगून कुणाला कळणार नाही.

म्हणून या सुट्टीत एक काम करा. आपल्या माहितीतलं एक जुनं घर निवडा आणि घरच्यांची परवानगी घेऊन ते पावलांनी मोजा. वहीत नकाशा काढा. दार कुठल्या दिशेला, चूल कुठे, छपराला वासे किती, भिंत कशाची, हे लिहा. प्रत्येक भागाचं नाव घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला विचारा आणि तो म्हणेल तेच लिहा. फोटो काढा, पण नकाशासुद्धा काढाच. फोटोत घर दिसतं, मोजताना ते समजतं.

कोंडिविट्यालाही जा. मोठ्या माणसांबरोबर जा आणि पावसाळ्यात दगडावर शेवाळ असतं, तेव्हा जपून. तिथला खडक ठिसूळ आहे, ऊनपावसाने त्याची झीज होते. त्यात भर म्हणून काही लोक भिंतींवर आपली नावं कोरतात! तिथे एक जुना लेख आहे. आपल्या भावासह विहाराचं दान देणाऱ्या एका माणसाचं नाव त्यात आहे. त्याने आधी दान दिलं, मग नाव कोरलं गेलं. आपण काय दिलंय म्हणून तिथे नाव कोरायचं?

आपलं नाव लिहायची हौस असेल, तर ते त्या वहीतल्या नकाशाखाली लिहा. तारीखही घाला. तिथे ते शोभून दिसेल.

पुढच्या आठवड्यात भेटूया, नव्या वाटेवर!