प्रिंटर अडला की शिव्या लिनक्सला का?

गेल्या काही महिन्यांत राजूर परिसरात एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकतोय. "लिनक्स-बिनक्स काही कामाचं नाही हो, साधा प्रिंटर चालत नाही त्यावर." बोलणाऱ्यांत गुरुजी आहेत, झेरॉक्सवाले आहेत, एक ग्रामसेवक भाऊसाहेबही आहेत. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. हा चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचा प्रकार आहे.

मुळात लिनक्स इथे आलं कसं? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. आमच्या अभ्यासिकेतले देणगीत आलेले सहा संगणक त्यात बसत नाहीत. मशीन धडधाकट आहेत, भंगारात घालायला जीव होत नाही. मग लिनक्स टाकलं. ब्राउझर चालतो, महाडीबीटी उघडतं, युनिकोड मराठी छान दिसतं, क्रॅक केलेल्या विंडोजबरोबर येणारे व्हायरस नाहीत. घोडं अडलं ते प्रिंटरवर.

शहरातल्या माणसाला ही किरकोळ गोष्ट वाटेल. राजूरला आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय आहे, आश्रमशाळा आणि वसतिगृहं त्याच्याशी जोडलेली. घाटघर, साम्रद, रतनवाडीकडची पोरं कागदपत्रांसाठी इथे उतरतात. अर्ज ऑनलाइन भरला तरी "प्रिंट काढून सह्या करून जमा करा" हे काही सुटलेलं नाही. त्या दिवशी कागद हातात पडला नाही तर पुन्हा एसटीचं भाडं, आणि सोबत आलेल्या आईचा किंवा बापाचा आणखी एक रोज बुडाला. आपल्याकडे डिजिटल कारभार शेवटी प्रिंटरच्या तोंडातूनच बाहेर येतो.

आता आमच्याकडे नक्की काय झालं ते सांगतो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

यूएसबी लावली, लिनक्सने प्रिंटर नावासकट ओळखला. म्हणजे केबल, पोर्ट, प्रिंटर सगळं ठीक. कंपनीच्या साइटवरून लिनक्सचा ड्रायव्हर उतरवला. (हो, असतो. "लिनक्सवर चालतो" असं छापायला कंपनी मोकळी.) इन्स्टॉल करताना काही लायब्ररी नाहीत म्हणून नकार. ती तपासणी वगळून बसवला तर यादीत प्रिंटर आला, पण चाचणी पान पाठवल्यावर 'फिल्टर फेल्ड'. कागद जागचा हलला नाही.

लिनक्सवर छपाईचं काम 'कप्स' नावाची यंत्रणा बघते. ती तुमचं पान प्रिंटरच्या भाषेत बदलण्यासाठी एका छोट्या प्रोग्रॅमकडे देते, तो फिल्टर. दुभाषीच म्हणा. कप्सची नोंदवही उघडली तर त्यात लिहिलेलं, अमुक फाईल सापडत नाही. फोल्डर उघडून बघितलं तर फाईल तिथेच बसलेली! नाव बरोबर, परवानग्या बरोबर. हा प्रकार बघून बरेच जण हात टेकतात आणि मी त्यांना दोष देत नाही.

फाईल कुठल्या जातकुळीची आहे हे विचारणारी एक साधी कमांड लिनक्समध्ये असते, तिचं नावच 'फाईल'. ती चालवली आणि उत्तर आलं: ३२-बिट. आमची लिनक्स ६४-बिट. ६४-बिट लिनक्सवर ३२-बिट प्रोग्रॅम चालू शकतो, पण त्याला स्वतःचा ३२-बिट लोडर आणि लायब्ररी लागतात, आणि त्या हल्ली आपोआप बसवल्या जात नाहीत. सापडत नव्हता तो हा लोडर. संदेश मात्र असा येतो की फाईलच नाही. इथे लिनक्सवाल्यांचाही कान धरला पाहिजे. इतका फसवा संदेश वर्षानुवर्षं तसाच ठेवायचा आणि वर "वाचता येत नाही का" म्हणायचं, हे बरं नाही.

पुढचं काम दहा मिनिटांचं. सिस्टीमला 'आय३८६' आर्किटेक्चर जोडायला सांगितलं, ३२-बिट सी लायब्ररी आणि तिच्यासोबतच्या एकदोन बसवल्या, फेल झाल्यामुळे थांबलेली छपाईची रांग पुन्हा सुरू केली. पान आलं. जोडाक्षरं शाबूत.

तुमच्याकडे असंच झालं असेल तर आधी हे करून बघा, मग लिनक्स काढा.

पण माझा मुद्दा या दहा मिनिटांचा नाही. तो फिल्टर ३२-बिट का राहिला? कंपनीने तो एकदा बनवला, नवीन मॉडेल बाजारात आणलं आणि जुन्याकडे पाठ फिरवली. त्याचा सोर्स बंद आहे, त्यामुळे दुसऱ्या कुणालाही तो ६४-बिटसाठी पुन्हा बांधता येत नाही. सोर्स उघडा असता तर संगमनेरच्या एखाद्या इंजिनीअरिंगच्या पोराने सुट्टीत करून दिला असता.

बाजारातल्या बऱ्याच स्वस्त लेझर प्रिंटरांची रचनाच अशी असते. प्रिंटरमध्ये अक्कल कमीत कमी, सगळं गणित संगणकाने करायचं आणि कंपनीच्या खासगी बोलीत पाठवायचं. काहींना तर चालू केल्यावर दरवेळी संगणकाकडून फर्मवेअर भरवावं लागतं. पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. वीज गेली की गडी सगळं विसरला.

ही तक्रार आजची नाही, खरं तर लिनक्सपेक्षाही जुनी आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. रिचर्ड स्टॉलमन तिथे काम करत. जुन्या प्रिंटरचा प्रोग्रॅम बदलून, कागद अडकला की माणसांना निरोप जाईल अशी सोय त्यांनी केली होती. नव्या प्रिंटरचा सोर्स मिळेना. दुसऱ्या विद्यापीठात तो ज्याच्याकडे होता, त्याने गोपनीयतेच्या कराराकडे बोट दाखवून नकार दिला. या अनुभवाचा स्टॉलमन यांच्या विचारांवर मोठा परिणाम झाला. १९८३ साली त्यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला, आणि आज आपण ज्याला नुसतं 'लिनक्स' म्हणतो त्यातला मोठा भाग तिथून आलाय.

बरं, उपाय निघालाय का? निघालाय. 'आयपीपी एव्हरीव्हेअर' किंवा 'एअरप्रिंट' पाळणाऱ्या प्रिंटरला वेगळा ड्रायव्हर लागतच नाही, सगळे एकाच प्रमाणित भाषेत बोलतात. डेबियन ११ पासून, म्हणजे २०२१ पासून, असे प्रिंटर यूएसबीवरही आपसूक चालतात. कप्सच्या पुढच्या आवृत्त्यांतून जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर जाणार आहेत. २०२३ साली मायक्रोसॉफ्टनेही प्रिंटर कंपन्यांचे वेगळे ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने बंद करायचं जाहीर केलं. म्हणजे आज ड्रायव्हरवर अडलेला प्रिंटर विकत घेणारा उद्या विंडोजवरही अडचणीत येऊ शकतो.

झेरॉक्सवाले यावर म्हणतात, "दादा, जुन्या प्रिंटरची टोनर भरून मिळते. नवीनमध्ये चिप बसवलेली, भरू देत नाही." त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. प्रमाणित भाषा बोलणारे कित्येक प्रिंटर शाई-टोनरच्या बाबतीत हातात बेड्या घालतात. पोटावर पाय येत असेल तर कुणीही जुनाच प्रिंटर धरून ठेवेल. दुकानदाराला मी शहाणपण शिकवणार नाही.

सरकारी खरेदीचं तसं नाही. केंद्राने २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायचं धोरण काढलं. केरळच्या शाळांत सरकारी पुढाकाराने लिनक्स रुळलं. मग आपल्या शाळा, वसतिगृहं, ग्रामपंचायतींसाठी प्रिंटर मागवताना दोन ओळी वाढवायला कुणाची हरकत आहे? पहिली, प्रिंटर आयपीपी एव्हरीव्हेअर पाळणारा, ड्रायव्हरशिवाय चालणारा हवा. दुसरी, शाई किंवा टोनर बाहेरून भरता आली पाहिजे. सगळ्यात कमी दराची निविदा उघडायची, आणि पुढे पाच वर्षं गुरुजींनी स्वतःच्या खिशातून बाहेर प्रिंट काढायच्या, याला बचत कुठल्या तोंडाने म्हणायचं?

शाळा व्यवस्थापन समितीत असाल तर पुढच्या खरेदीच्या ठरावात या दोन ओळी घालून घ्या. ठरावाचा मसुदा मी मराठीत करून ठेवलाय, मागेल त्याला पाठवतो. आणि कुणाचा प्रिंटर आत्ताच 'फिल्टर फेल्ड' म्हणत असेल तर मॉडेल नंबर आणि लिनक्सची आवृत्ती लिहून रविवारी सकाळी अभ्यासिकेत या. येताना यूएसबी केबल आणा, आमच्याकडे एकच आहे.