‘शंभर टक्के प्लेसमेंट’ची पत्रकं मीही वाटली आहेत

जूनमध्ये मावशीचा फोन आला. मावसबहीण बारावी पास झाली, ६८ टक्के पडले. तालुक्याच्या रस्त्यावर असलेल्या एका छोट्या खासगी कॉलेजचं पत्रक घरी येऊन पडलं होतं. बहिणीने ते मला फोनवर वाचून दाखवलं. हॉस्पिटॅलिटी आणि एव्हिएशनची पदवी, पहिल्या दिवसापासून करिअर, शंभर टक्के प्लेसमेंट, सीईटीची गरज नाही, मागासवर्गीयांना शासकीय सवलत. पहिल्या वर्षाची फी ८५ हजार. मावशी म्हणाली, "तू पीएचडी करतीस बाई, तुला यातलं कळतं. तूच सांग, घालू का हिला?"

मला लगेच बोलता आलं नाही. चार वर्षांपूर्वी याच घराच्या उंबऱ्यावर, असंच एक पत्रक घेऊन मीच उभी होते.

एम.ए. समाजशास्त्र झालं, नेट झाली आणि मी मराठवाड्यातल्या एका छोट्या विनाअनुदानित कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. तासिका तत्त्व म्हणजे काय, हे तुमच्यापैकी अनेकांना सांगायची गरज नाही. तासाचे पैसे, तेही सहा-सहा महिने थकलेले. मे महिना लागला की कॉलेजचा खरा अभ्यासक्रम सुरू व्हायचा, तो म्हणजे प्रवेश मोहीम. प्रत्येक प्राध्यापकाला गावं वाटून दिली जायची. मला कोणती गावं मिळणार हे माझ्या आडनावावरूनच ठरलं होतं. "मॅडम, त्या वस्त्यांमध्ये तुमचं ऐकतील," असं संस्थेच्या कार्यालयातून सांगितलं गेलं. आणि वस्तीने ऐकलंच. जय भीम म्हणून दारात उभ्या राहिलेल्या, आपल्यातल्याच शिकलेल्या पोरीवर कोण अविश्वास दाखवणार?

मावसभावाला मी हॉस्पिटल मॅनेजमेंटला घातलं. पत्रकात ‘शासन शिष्यवृत्ती उपलब्ध’ असं छापलं होतं. मी त्यावर विश्वास ठेवला, तपासलं नाही. महाडीबीटीवर अर्ज भरायला बसलो तेव्हा कॉलेजचं नाव आलं, पण खालच्या यादीत कोर्सच नव्हता. चौकशी केल्यावर कळलं की त्या कोर्सची संलग्नता ‘प्रक्रियेत’ आहे. पहिलं वर्ष मावशीने बचत गटाचं कर्ज काढून भरलं. दुसऱ्या वर्षी मध्येच तो थांबला. मुक्त विद्यापीठात प्रवेश घ्यायचा म्हटलं तर बारावीची मूळ गुणपत्रिका कॉलेजकडे अडकलेली. ३८ हजार बाकी भरा आणि घेऊन जा, असं उत्तर मिळालं. आज तो भिवंडीच्या एका गोदामात पार्सल चढवतो. मावशीने मला या विषयावर कधीही एक शब्द सुनावला नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

म्हणून हा लेख मी तटस्थपणे लिहिणार नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते. करिअर हा शब्द ऐकला की नाक मुरडणारा एक वर्ग आहे. शिक्षण ज्ञानासाठी घ्यावं, नोकरीसाठी नाही, असं तो चर्चासत्रांत सांगतो. त्या वर्गाच्या नावावर दोन पिढ्यांपूर्वीचा फ्लॅट असतो, मामा बँकेत असतो आणि मुलगा परदेशात असतो. ज्याच्या घरात महिनाअखेरीला किराणा उधारीवर येतो, त्याने पदवीकडे पोट म्हणून पाहिलं तर त्यात लाज कसली? १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हीच तक्रार केली होती. इथलं शिक्षण फक्त कारकून आणि शिक्षक घडवतं, प्रत्यक्ष जगण्यात उपयोगी पडत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. उपयोगी शिक्षण ही बहुजनांची जुनी मागणी आहे. तेव्हा माझी मावसबहीण करिअर मागते यात तिची चूक नाही. तिच्या मागणीवर दुकान कोणी थाटलंय, हा माझा प्रश्न आहे.

कॉलेज छोटं आहे किंवा खासगी आहे, हाही मुळात दोष नाही. देशातल्या दर दहा कॉलेजांपैकी जवळजवळ आठ खासगी व्यवस्थापनाची आहेत. २०१९-२० च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार जवळपास दोन तृतीयांश कॉलेजांमध्ये पाचशेहून कमी विद्यार्थी आहेत. म्हणजे छोटं खासगी कॉलेज हेच भारतातलं सरासरी कॉलेज आहे. आपली पहिली पिढी बहुतांशी तिथेच पदवीधर होते. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० साली औरंगाबादला आज मिलिंद म्हणून ओळखलं जाणारं कॉलेज सुरू केलं. त्याही सरकारबाहेरच्याच संस्था होत्या. नोकरी करून शिकणाऱ्यांना येता यावं म्हणून सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत. विद्यार्थ्याची अडचण हे तिथे वेळापत्रकाचं कारण होतं. आजच्या पत्रकवाल्या कॉलेजात तीच अडचण धंद्याचं भांडवल झाली आहे.

हा बदल आपोआप घडला नाही. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली. साखर कारखाना, सहकारी बँक, दूध संघ ज्यांच्या हातात होते, त्यांच्याच हातात कॉलेजही आलं. देणग्यांचा इतका सुळसुळाट झाला की १९८७ साली कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला. मग कॉलेजं अभियांत्रिकीवरून डी.एड., बी.एड., फार्मसी, नर्सिंग, मॅनेजमेंट अशी सरकत गेली. ज्या नोकरीची चलती, त्या नावाची पाटी. डी.एड.ची लाट ओसरल्यावर आपल्या किती मुली ते प्रमाणपत्र ट्रंकेत ठेवून बसल्या आहेत, हे गावोगाव जाऊन बघा. पाटी बदलणाऱ्या संस्थाचालकाचं काहीच बुडालं नाही. जमीन त्याची, इमारत त्याची, मतदारसंघही त्याचाच. बुडालं ते विद्यार्थ्याचं, तीन वर्षं आणि कर्जाचे हप्ते.

धोका कोणाच्या डोक्यावर टाकला जातो, हा माझ्या मते या सगळ्या व्यवहाराचा गाभा आहे. १९२७ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी सरकारला बजावलं होतं की शिक्षण खात्याकडे देवाणघेवाणीच्या हिशेबाने पाहू नका, शिक्षण शक्य तितकं स्वस्त करा. आज नेमका उलटा हिशेब चालतो. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचंच बघा. ही योजना १९४४ पासूनची. २०२० च्या डिसेंबरात केंद्राने ६०:४० असा नवा वाटा ठरवला आणि केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात टाकायचं ठरलं. ऐकायला चांगलं आहे. पण पैसे कधी येतात? कॉलेज फी जुलैत मागतं, खात्यात रक्कम पुढच्या वर्षी पडते. तोवर घरात कोणाचं तरी ऑपरेशन होतं, कोणाचं तरी लग्न होतं. मग ‘यांना सरकार पैसे देतं, हे खाऊन टाकतात’ हे ऐकायचं कोणी? सरकारचा उशीर विद्यार्थ्याचा गुन्हा ठरतो. हे महाराष्ट्रापुरतं नाही. तेलंगणात फी परतावा थकला म्हणून कॉलेजं वर्ग बंद करण्याची भाषा करतात. २०२४ साली उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगरच्या एका दलित मजुराच्या मुलाची धनबाद आयआयटीतली जागा १७,५०० रुपये मुदतीत न भरल्यामुळे गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने विशेषाधिकार वापरला तेव्हा ती परत मिळाली. तो निदान आयआयटीपर्यंत पोहोचला होता. तालुक्याच्या कॉलेजातून गळणाऱ्या पोरासाठी दिल्लीचा दरवाजा कोण ठोठावणार?

आता ‘करिअर’ या शब्दाकडे वळू. आपल्या वस्तीत येणाऱ्या पत्रकांवरचे कोर्स नीट वाचा. ग्राउंड स्टाफ, फ्रंट ऑफिस, रुग्णालय व्यवस्थापन, रिटेल. नावात मॅनेजमेंट असतं, पण हातात येतं ते बारा तास उभं राहायचं काम. इंटर्नशिपच्या नावाखाली सहा महिने बिनपगारी राबणूक असते आणि त्याचेही ‘प्रशिक्षण शुल्क’ विद्यार्थ्याकडूनच घेतले जातात. जात ही नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, हे आपण बाबासाहेबांकडून शिकलो. कायदा, अर्थशास्त्र, संशोधन, धोरण ठरवणं त्यांच्याकडे, आणि ‘कौशल्य’ आपल्याकडे, ही नवी वाटणी त्याच जुन्या वाटणीची इंग्रजी नाव लावलेली आवृत्ती आहे. कौशल्याला माझा विरोध नाही. पण कौशल्य शिकवताना इंग्रजी, हिशेब आणि कामगार कायदा शिकवत नसाल, तर तुम्ही करिअर देत नाही, मजूर पुरवता.

आणि प्लेसमेंट? आरक्षण जिथे संपतं तिथे मुलाखत सुरू होते. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे, फक्त नावं वेगळी असलेले अर्ज पाठवले. दलित आडनावाच्या अर्जदाराला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण आडनावापेक्षा कमी निघाली. त्याच सुमारास अश्विनी देशपांडे आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीतल्या विद्यापीठांमधून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. ‘कौटुंबिक पार्श्वभूमी काय?’ हा साधा वाटणारा प्रश्न दलित उमेदवाराला कसा कोंडीत पकडतो, ते त्यात दिसतं. नामांकित विद्यापीठातून आलेल्यांची ही गत, तर शंभर टक्के प्लेसमेंटचं आश्वासन कोणत्या आडनावाला धरून दिलंय, हे पत्रकावर छापायला हवं.

राज्यघटनेत २००५ च्या ९३ व्या दुरुस्तीने कलम १५(५) आलं आणि अल्पसंख्याक संस्था सोडून खासगी विनाअनुदानित संस्थांमध्येही आरक्षणाची वाट मोकळी झाली. महाराष्ट्राने २००६ साली व्यावसायिक शिक्षणसंस्थांसाठी तसा कायदाही केला. त्यावर उपाय म्हणून की काय, आता स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांचं पीक आलं आहे. २०२४ साली राज्य सरकारने मुलींना व्यावसायिक शिक्षणात शुल्कमाफी जाहीर केली, पण त्यातून ही विद्यापीठं आणि मॅनेजमेंट कोटा वगळला. म्हणजे जिथे फी सगळ्यात जास्त, तिथेच सवलत नाही.

मावसबहिणीच्या पत्रकावर बारीक अक्षरात होतं, ‘पदवी खासगी विद्यापीठाशी टाय-अप करून’. इथेच गोम आहे. खासगी विद्यापीठाला बाहेरची कॉलेजं संलग्न करून घेता येत नाहीत, हा यूजीसीचा २००३ पासूनचा नियम आहे. आपल्या पोरांना हे सांगायला कोणी येत नाही. पत्रक द्यायला मात्र दारात येतात.

म्हणून पहिल्या पिढीच्या पदवीधरांनो, हे काम आता आपलं आहे. आपल्याला सांगणारं कोणी नव्हतं, पण आपल्या मागच्यांना आपण आहोत. वस्तीतल्या कोणाच्याही हातात पत्रक दिसलं तर फी भरण्याआधी त्याच्यासोबत बसा. कोर्सला कोणत्या विद्यापीठाची संलग्नता आहे, ते विद्यापीठाच्याच संकेतस्थळावर बघा. महाडीबीटीवर कॉलेजच नव्हे, कोर्सही दिसतो का ते बघा. व्यावसायिक कोर्स असेल तर प्रवेश कॅप फेरीतूनच घ्या, कारण मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की शिष्यवृत्ती गेली. शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली फी किती आणि कॉलेज मागतंय किती, हे ताडून पाहा. मागच्या बॅचच्या आपल्या समाजातल्या तीन मुलांचे नंबर मागा आणि त्यांना पगार विचारा. पूर्णवेळ शिक्षक किती, हे विचारा. मूळ कागद कोणाकडेही ठेवू नका. पडताळणी करून ते परत द्यावेत, अडकवून ठेवू नयेत, असं यूजीसीने २०१८ साली स्पष्ट केलं आहे. हे मला तेव्हा माहीत असतं, तर एका मुलाची गुणपत्रिका दोन वर्षं कपाटात पडून राहिली नसती.

एवढ्याने प्रश्न सुटत नाही, हेही मला कळतं. हुशारीने निवडणं ही एकेकट्याची ढाल आहे. व्यवस्था बदलायची तर अनुदानित कॉलेजांत रोजगाराभिमुख कोर्स विनाअनुदानित तुकडी म्हणून न काढता अनुदानावर काढा, रिक्त प्राध्यापकपदं भरा, शिष्यवृत्ती फी भरायच्या तारखेआधी द्या, खासगी विद्यापीठांना आरक्षण आणि शिष्यवृत्ती दोन्ही लागू करा, या मागण्या रस्त्यावर आणाव्या लागतील. जयंतीच्या वर्गणीतून डीजे लागतो, त्याच वर्गणीतून जूनमध्ये प्रवेश मार्गदर्शनाचं एक टेबलही लागू शकतं.

मावशीला मी नाही म्हणाले. बहिणीला औरंगाबादच्या एका अनुदानित कॉलेजात बी.कॉम.ला घातलं, वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधारचा अर्ज भरायचा असं ठरवलं. ती नाराज आहे. तिला विमानतळ हवा होता. बी.कॉम.ने तिचं सोनं होईल, असं मी तिला सांगितलेलं नाही. कागद तिच्याजवळ राहतील आणि घर कर्जात जाणार नाही, एवढंच सांगितलं.

भिवंडीला मावसभावाला भेटायला गेले होते, तेव्हा तो म्हणाला, "ताई, तिचं नीट बघ." ३८ हजारांच्या बाकीचा विषय त्याने काढला नाही. मीच काढला. मूळ गुणपत्रिकेसाठी विद्यापीठाकडे तक्रारीचा अर्ज आम्ही दोघांनी मिळून तिथेच, गोदामाबाहेरच्या टपरीवर लिहिला. या जूनमध्ये मुक्त विद्यापीठाचा फॉर्म आल्यावर तो भरणार आहे.

जय भीम.