आजीला विचारलं का?

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातलं फांगणे हे लहानसं गाव. 2016 च्या महिला दिनी तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. अंगावर गुलाबी नऊवारी, पाठीला दप्तर आणि विद्यार्थिनींची वयं साठीपासून नव्वदीपर्यंत. निमित्त झालं ते गावातल्या बायकांच्या एका बोलण्याचं: आपल्यालाही पोथी वाचता आली असती तर! जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते मनावर घेतलं आणि दुपारचे वर्ग भरू लागले. लहानपणी भाऊ शाळेत गेले, आपण मात्र घरकामाला आणि शेताला जुंपल्या गेलो, ही सल यातल्या अनेकींनी उभा जन्म सांभाळली होती. बँकेत अंगठा उठवणारा हात आता सही करू लागला.

वडीलधाऱ्यांचा मान राखायची रीत आपल्याकडे पक्की आहे. पाडव्याला वाकून नमस्कार, फराळाचं पहिलं ताट, फोटोत मधली खुर्ची. हे सगळं हवंच. पण फोटो निघाला की गप्पा त्यांना वगळून रंगतात. ‘आई, तू नको दगदग करूस’, ‘बाबा, तुम्हाला नाही कळायचं ते’ ही वाक्यं मायेनेच उच्चारली जातात आणि माणसाला घरच्या व्यवहारातून हळूहळू उठवतात. बीपी, साखर, गुडघे यांची चौकशी रोज होते. मनात काय चाललंय, हे विचारायचं राहून जातं.

2011 च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेले दहा कोटींहून अधिक लोक होते. राज्याची ‘मुख्यमंत्री वयोश्री योजना’ 65 वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांसाठी 3,000 रुपये देते. ही मदत मोलाची आहे. कमी ऐकू येणारा माणूस दोनदा ‘काय?’ विचारतो, तिसऱ्यांदा नुसता हसून मान डोलावतो. घरच्यांना वाटतं, यांना आता कशातच रस उरला नाही.

रस असतो. देवदत्त टिळकांना वडिलांचं, रेव्हरंड ना. वा. टिळकांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्यांनी आई लक्ष्मीबाईंकडे आठवणी मागितल्या. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या लक्ष्मीबाई उतारवयात लिहू लागल्या आणि मराठीला ‘स्मृतिचित्रे’ मिळालं. हेमा राईरकर, गी पॉइतवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पिठाची गिरणी आल्यावर जाती कोपऱ्यात गेली होती, तरी माहेर, सासुरवास, लेकरं, बाबासाहेबांवरची माया हे सारं बायकांच्या तोंडी तसंच होतं. कुणी समोर बसून ऐकायला तयार आहे म्हटल्यावर त्या गाऊ लागल्या.

म्हणून यंदाच्या दिवाळी अंकाची शेवटची चार पानं मुद्दाम कोरी ठेवली आहेत. सुटीत घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्यापाशी निवांत बसून ती भरावीत. पहिला पगार किती होता आणि त्याचं काय केलं? कुणाशी अबोला धरला आणि का? रात्री झोप लागत नाही तेव्हा मनात काय येतं? पुढच्या वर्षी काय करायचं आहे? हा शेवटचा प्रश्न ऐंशीच्या माणसाला सहसा कुणी विचारत नाही, तो आवर्जून विचारावा. निवडक पानं पुढल्या दिवाळी अंकात छापली जातील. पाठवण्याआधी लिहिलेलं त्यांना एकदा वाचून दाखवावं. एखादी गोष्ट त्यांना चारचौघांत यायला नको असेल, तर ती खोडावी.