हातानं टायर बदलायचं यंत्र घ्यावं का?

अमेरिकेत घराला गॅरेज मिळालं की आपल्यातल्या बऱ्याच जणांचे हात शिवशिवतात. मग कुणीतरी हातानं चालवायचं टायर चेंजर आणतं. माझं मत विचाराल तर मंडळी, जरूर घ्या! पण पैसे वाचतील म्हणून नको, टायर कळावा म्हणून.

स्टँड काँक्रीटमध्ये बोल्टनं पक्का बसवा, नाहीतर टायरऐवजी तोच फिरेल. सगळी हवा सोडून टायरची कड दाबून रिमपासून सुटी करायची. पुष्कळ गाड्यांत हवेचा दाब मोजणारा सेन्सर व्हॉल्व्हपाशी आत असतो, तिथं दाबू नका.

आता खरी गंमत. कड निघत नाही म्हणून लोक दांड्यावर लोंबकळतात. अहो, रिमच्या मधे खोलगट भाग असतो! समोरची कड त्यात ढकलली की या बाजूला ढील मिळते. आपला कोपऱ्यावरचा पंक्चरवाला दोन लोखंडी पट्ट्यांवर टायर काढतो तो याच युक्तीनं. जोडीला भरपूर साबणाचं पाणी.

हवा भरताना मात्र हौस बाजूला ठेवा. लांब नळी लावून दूर उभं राहायचं. कारच्या टायरची कड 40 पीएसआयपर्यंत बसली नाही तर थांबा, हवा सोडा, पुन्हा साबण लावा. 'अजून थोडी भरू' या नादात टायर फुटून जीव जाऊ शकतो.

लो-प्रोफाइल टायर आणि बॅलन्सिंग दुकानातच. कुठं थांबायचं हे कळणं, हासुद्धा या यंत्राचाच फायदा!