सूत आपले, वस्त्र कोणाचे?

ठाणे जिल्ह्यात टेमघर हे नाव पाण्यामुळे परिचित आहे. उल्हास नदीचे पाणी येथील केंद्रात शुद्ध होऊन भिवंडी, ठाणे, मीरा-भाईंदर या नगरांकडे जाते. परंतु भिवंडीच्या या परिसराचा श्वास चालतो तो यंत्रमागावर. इथल्या मागधारकाला एक व्यवहार तोंडपाठ असतो. सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे. मागवाल्याच्या वाट्याला येते ती केवळ मजुरी. माग रात्रंदिवस चालला तरी कापडावर नाव उमटते ते दुसऱ्याचेच. ज्याला हा व्यवहार कळला, त्याला जपानी ॲनिमेशनपटांचा जागतिक व्यापार वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

२००५ पासून डोरेमॉन आणि त्यापाठोपाठ शिनचॅन हिंदीतून आपल्या घरांत आले. शिनचॅनच्या उद्धटपणाबद्दल पालकांनी इतकी ओरड केली की २००८ मध्ये त्याचे प्रसारण थांबवावे लागले. पुढल्याच वर्षी काटछाट करून तो परतला. दप्तरे, डबे, चादरी यांवर ही पात्रे आजही विराजमान आहेत. ‘मुले बिघडली’ अशी तक्रार आपण करतो आणि तिथेच थांबतो. पण ही पात्रे आपल्या दिवाणखान्यापर्यंत पोहोचली कशी, कोणाच्या अनुमतीने आणि कोणाच्या लाभासाठी, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

या व्यापाराची रचना पाहण्यासारखी आहे. जपानमध्ये एखादी मालिका बहुधा एकटा निर्माता काढत नाही. प्रकाशक, दूरचित्रवाणी वाहिनी, खेळणी बनविणारा उद्योग, संगीत कंपनी आणि जाहिरात संस्था एकत्र येऊन ‘निर्मिती समिती’ स्थापन करतात. खर्च वाटून घेतला जातो आणि हक्कही वाटले जातात. मग परदेशातील खरेदीदाराशी करार होतो, तो प्रदेशवार, भाषावार, माध्यमवार आणि ठरावीक वर्षांपुरता. आगाऊ किमान रक्कम आणि पुढील उत्पन्नातील हिस्सा असा त्याचा सर्वसाधारण प्रकार असतो. चित्रपटगृह वेगळे, दूरचित्रवाणी वेगळी, दप्तरावरचे चित्र वेगळे. मुदत संपली की सर्व हक्क पुन्हा मूळ मालकाकडे जातात. ओसामु तेझुका यांची ‘ॲस्ट्रो बॉय’ १९६३ मध्ये जपानी पडद्यावर आली आणि त्याच वर्षी अमेरिकेतही दाखविली गेली. तेथून सुरू झालेला हा प्रवास आज कोठे पोहोचला आहे? तेथील ॲनिमेशन संस्थांच्या संघटनेच्या अहवालानुसार २०२३ मध्ये या उद्योगाची एकूण उलाढाल ३ लाख ३४ हजार कोटी येनच्या घरात होती आणि त्यातील निम्म्याहून अधिक परदेशातून आली. २००६ मध्ये चाहत्यांच्या विनापरवाना चित्रफितींवर उभे राहिलेले ‘क्रंचीरोल’ पुढे रीतसर परवाने घेऊ लागले आणि २०२१ मध्ये सोनी समूहाने ते सुमारे ११७ कोटी डॉलरना विकत घेतले. चोरीच्या बाजाराचेही अधिकृत बाजारात रूपांतर करणारी ही चिकाटी आहे.

आता आपल्या अंतःकरणाशी निगडित असलेले उदाहरण पाहू. १९८३ मध्ये युगो साको हे जपानी दिग्दर्शक पुरातत्त्वज्ञ प्रा. बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करण्यासाठी भारतात आले होते. रामकथेने ते भारावून गेले. त्यांच्या कामाविषयी वृत्तपत्रात बातमी येताच विश्व हिंदू परिषदेने जपानी दूतावासाकडे आक्षेप नोंदविला. रामायण हा या राष्ट्राचा वारसा आहे, परकीयाने त्याला मनमानी रूप देऊ नये, अशी त्यामागची भूमिका होती. भावना रास्त होती. पुढे गैरसमज दूर झाला आणि साको यांनी ॲनिमेशनपटाची कल्पना मांडली. रामकथेला व्यंगचित्राचे रूप मिळेल या धास्तीने भारत शासनाने मात्र सहभाग नाकारला. अखेर जपानी भांडवलावर तो चित्रपट उभा राहिला. कोइची सासाकी यांच्याबरोबर मुंबईचे राम मोहन हे त्याचे दिग्दर्शक, आणि संगीत वनराज भाटियांचे. १९९२ मध्ये ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ पूर्ण झाला. हिंदीत श्रीरामाला अरुण गोविल यांचा, तर रावणाला अमरीश पुरी यांचा आवाज लाभला.

ज्याला शासनाने धास्तीने दूर लोटले, त्या चित्रपटात मर्यादापुरुषोत्तमाची मर्यादा कोठेही ढळलेली नाही, हे तो पाहणाऱ्या प्रत्येकाने अनुभवले आहे. तरीही भारतातील चित्रपटगृहांत त्याचा व्यापक प्रसार त्या वेळी झाला नाही. एका पिढीने तो पाहिला तो दूरचित्रवाणीच्या वाहिनीवर. २४ जानेवारी २०२५ रोजी तो नव्या तांत्रिक रूपात देशभर प्रदर्शित झाला, तेव्हा तीन दशके उलटून गेली होती आणि साको यांना जाऊन तेरावे वर्ष सुरू होते. रामकथेवर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही, असू शकत नाही. पण त्या कथेच्या या चित्ररूपावर आहे, आणि तो आपल्याकडे नाही. सूत वाल्मीकींचे, वस्त्र जपानचे आणि ग्राहक आपण!

यात जपानला दोष देण्याचे कारण नाही. उलट साको यांच्या श्रद्धेचे आणि परिश्रमांचे आपण ऋणी आहोत. दोष असेल तर तो आपल्या दृष्टीचा. आपल्याकडे कलावंतांची वाण कधीच नव्हती. दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्यांना पडद्यावर नाचविले, प्रभातने १९३४ मध्ये ‘जम्बू काका’ काढला, फिल्म्स डिव्हिजनच्या मुंबईतील कार्टून विभागात राम मोहन यांच्यासारखे शिल्पकार घडले. व्ही. जी. सामंत यांच्या ‘हनुमान’ने २००५ मध्ये देशी ॲनिमेशनपटालाही प्रेक्षक असतो हे सिद्ध केले. परंतु आपल्या बहुसंख्य स्टुडिओंनी परदेशी मालकांची कामे मजुरीवर करण्यात धन्यता मानली. कौशल्य आपले, रात्रीचे जागरण आपले. पात्र मात्र त्यांचे. ज्यांनी स्वतःचे पात्र निर्माण करून त्याचे हक्क स्वतःकडे ठेवले, त्यांचे चित्र वेगळे आहे. हैदराबादच्या संस्थेचा ‘छोटा भीम’ २००८ मध्ये आला आणि त्याची दप्तरे, खेळणी, चित्रपट यांचे उत्पन्न देशातच राहिले. मजूर आणि मालक यांतील अंतर ते हेच.

मराठी माणसासाठी या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. २०२५ मध्ये तो रामायणपट हिंदी, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजीत आला, मराठीत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या भाषेला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. त्यानंतर अवघ्या चार महिन्यांत समर्थांच्या आणि गदिमांच्या महाराष्ट्रातील मुलांनी हा रामपट परभाषेत पाहिला. भाषेचे हक्क स्वतंत्रपणे विकले जातात, हे वर सांगितलेच आहे. ते मागणारा कोणी पुढे आला, तर मालक नाही म्हणण्याचे कारण नसते. तमिळ आणि तेलुगू प्रेक्षकाला बाजार गृहीत धरत नाही. मराठी माणूस हिंदीत भागवून घेतो, म्हणून त्याला गृहीत धरले जाते.

तेव्हा करायचे काय? पहिली गोष्ट, परवान्याचा आदर. टेमघरच्या कारखान्यात चादरीवर विनापरवाना डोरेमॉन छापणे हा १९५७ च्या कायद्याने तुरुंगवासास पात्र असा गुन्हा आहे. दुसऱ्याचे हक्क जो जुमानत नाही, त्याच्या हक्कांना जगात कोणी विचारत नाही. दुसरी गोष्ट, मागणी. वाहिन्यांकडे आणि वितरकांकडे मराठी आवृत्तीची मागणी कुटुंबांनी, शाळांनी, मंडळांनी लेखी नोंदविली पाहिजे. व्यापाऱ्याला ग्राहकाची भाषा बरोबर समजते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, निर्मिती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन आणि संलग्न उद्योगांसाठी धोरण मंजूर केले आहे. त्यातून केवळ मजुरीची केंद्रे उभी राहिली, तर भिवंडीच्या मागांचीच कथा संगणकावर पुन्हा लिहिली जाईल. शासकीय साहाय्य देताना पात्राचे आणि कथेचे हक्क महाराष्ट्रातील निर्मात्याकडे राहतील, मराठी आवृत्ती प्रथम निघेल, अशी अट घालणे शक्य आहे. तसा आग्रह समाजाने धरला पाहिजे.

शिवचरित्र, संतचरित्रे, पंचतंत्र, लोककथा यांचे आपल्याकडे अक्षय सूत आहे. ते जपणे हे वारसदाराचे कर्तव्य खरे. पण केवळ जपून ठेवलेल्या सुताने कोणाचे अंग झाकत नाही. ते विणावे लागते, आणि विणलेल्या वस्त्रावर आपले नाव घालावे लागते. तेवढी हिंमत आणि तेवढी व्यवहारबुद्धी या पिढीने दाखविली, तर पुढच्या पिढीला स्वतःची कथा परक्याच्या परवान्याने पाहावी लागणार नाही.