स्वदेशी अणुभट्टीला पेटंटची ढाल हवी

घराघरांतील हळदीवर १९९५ मध्ये अमेरिकेने पेटंट दिले, तेव्हा देश खडबडून जागा झाला. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने लढा दिला आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. तोच प्रश्न आता अणुऊर्जेच्या दारात उभा आहे.

१९७० च्या पेटंट कायद्याने अणुऊर्जेशी निगडित संशोधनाला पेटंट नाकारले होते. त्यामागे सुरक्षेची रास्त चिंता होती. संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये संमत केलेल्या ‘शांती’ कायद्याने खासगी उद्योगांना या क्षेत्राचे दार उघडले आणि शांततामय वापराच्या संशोधनाला पेटंटची वाटही मोकळी केली. दार उघडले की पाहुणे येतात. ते रिकाम्या हाताने येत नाहीत, पेटंटचे गाठोडे घेऊन येतात. आपले गाठोडे कोठे आहे?

ते आहे, पण बांधलेले नाही. कल्पाक्कमच्या चाचणी अणुभट्टीचा मूळ आराखडा फ्रेंच होता. पोखरणनंतर समृद्ध युरेनियमची वाट बंद झाली, तेव्हा भारतीय शास्त्रज्ञांनी प्लुटोनियम-युरेनियमचे मिश्र कार्बाइड इंधन घडवले आणि १९८५ मध्ये भट्टी कार्यान्वित केली. तेथेच उभारलेल्या ५०० मेगावॉटच्या भट्टीत द्रवरूप सोडियम उष्णता वाहून नेतो. हा धातू हवेत पेटतो, पाण्याशी उग्र अभिक्रिया करतो. बाष्पजनित्रात दोघांमध्ये असते ती केवळ पोलादी नळीची भिंत. शिवाय तो अपारदर्शक, त्यामुळे आत डोकावता येत नाही. नळीचा प्रत्येक सांधा, प्रत्येक पंप आणि संवेदक हा स्वतंत्र शोधच होय.

मात्र पेटंटची मुदत २० वर्षांची. या भट्टीचे बांधकाम २००४ मध्ये सुरू झाले आणि गाभा भरण्यास प्रारंभ झाला तो मार्च २०२४ मध्ये. मुदत संपली तरी वीज नाही, अशा पेटंटचा उपयोग काय? म्हणून विलंब हाही स्वदेशीचा शत्रूच मानला पाहिजे.

भिंगार-अहिल्यानगरकरांना हे वेगळे सांगावयास नको. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई त्यांच्याच अंगणात आहे. आराखडा परक्याचा असेल, तर साधा सुटा भागही त्याच्या मर्जीने मिळतो.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली असून २०३३ पर्यंत किमान पाच स्वदेशी भट्ट्या कार्यान्वित करण्याचे लक्ष्य आहे. जनतेच्या पैशातून सिद्ध झालेल्या आराखड्यांचे हक्क राष्ट्राकडेच राहतील, अशी अट प्रत्येक करारात असावी. इंधनासारखे मर्म गुप्त ठेवावे. सुट्या भागांची पेटंटे देशात आणि परदेशातही तत्परतेने नोंदवावीत. हळद परत मिळवता आली, कारण तिची साक्ष जुन्या ग्रंथांत होती. अणुभट्टीची साक्ष आजच लिहून ठेवावी लागेल.