बेंजो ‘परका’, मग अस्सल कोण?

१/ भाद्रपद आला की एक वाद हमखास उसळतो. ढोल-ताशा ही ‘आपली परंपरा’ आणि बेंजो पार्टी म्हणजे उपरा गोंगाट! मिरवणूक रांजणगावच्या महागणपतीची असो वा गिरगावातली, निवाडा तयारच असतो. इतिहासाच्या कसोटीवर मात्र तो टिकत नाही.

२/ मिरवणुकीतला बेंजो हा अमेरिकन बँजो नव्हे. त्याचे मूळ जपानी ‘ताइशोगोतो’ या वाद्यात आहे. १९१२ साली नागोया येथे मोरिता गोरो यांनी तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवून ते घडवले. भारतात ते ‘बुलबुल तरंग’ झाले, महाराष्ट्रात ‘बेंजो’. पुढे ध्वनिवर्धकाची जोड मिळाली आणि हे नाजूक वाद्य रस्त्यावर उतरले.

३/ ‘म्हणजे परकेच की!’ मग ताशाचे काय? त्याचे नाव फारसीतून आलेले, सनईचेही तसेच. दौंड तालुक्यातील चौफुल्याच्या संगीत बारीत ढोलकीशेजारी पेटी वाजते. त्या पेटीच्या पूर्वजाचे, हार्मोनियमचे, पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये घेतले गेले. तिला कोणी परकी म्हणत नाही.

४/ ढोल जुना आहे, यात शंका नाही. परंतु पुण्यातील गणवेशधारी, शिस्तबद्ध पथक नवे आहे. ज्ञान प्रबोधिनीसारख्या शाळांनी ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजवले. ज्ञान प्रबोधिनीची स्थापनाच १९६२ ची. म्हणजे ताइशोगोतो वयाने या पथकांहून थोरला ठरतो.

५/ खरा प्रश्न वाद्याचा नसून वाजवणाऱ्याचा आहे. गावगाड्यात हलगी मांगाने आणि सनई-डफ होलाराने वाजवायचा, ही नेमून दिलेली सेवा होती. तिच्यावाचून लग्न लागत नसे, पण वादकाला पंगतीत स्थान नसे. आज पथकातला तरुण हौसेने वाजवतो; बेंजोवाला सुपारी घेऊन, पोटासाठी. पहिल्याची ती ‘संस्कृती’ आणि दुसऱ्याचा तो ‘धिंगाणा’ हा भेद इतिहासाचा नाही, प्रतिष्ठेचा आहे.

६/ नामसाधर्म्य असलेल्या अमेरिकन बँजोची कथाही हेच सांगते. ते वाद्य आफ्रिकी गुलामांनी घडवले. एकोणिसाव्या शतकात तोंडाला काळे फासलेल्या गोऱ्या नटांनी ते रंगमंचावर नेले. पुढे ते गोऱ्या डोंगरी शेतकऱ्यांचे ‘अस्सल’ वाद्य मानले गेले आणि मूळ वादक विस्मृतीत गेले. २००५ साली स्थापन झालेल्या ‘कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स’ या कृष्णवर्णीय वादकांच्या बँडने जो थॉम्पसन या वृद्ध फिडलवादकाकडून जुन्या चाली शिकून तो वारसा पुन्हा लोकांसमोर आणला. २०११ साली त्यांना ग्रॅमी मिळाले.

७/ आवाजाची तक्रार रास्त आहे. त्यासाठी ध्वनिप्रदूषण नियम, २००० आहेत. मात्र शंभर ढोलांचा दणदणाटही कानांना तितकाच जाचक असतो. मर्यादा आवाजाला घालावी, वाद्याच्या कुळाला नव्हे.

८/ आरती, कोळीगीत, लावणी आणि चित्रपटगीत एकाच मिरवणुकीत गुंफणारा बेंजो परंपरा मोडत नाही. गण, गवळण, बतावणी, लावणी आणि वग एकत्र बांधणाऱ्या तमाशाच्या देशात सरमिसळ हीच परंपरा आहे.

९/ इतिहासाच्या अभ्यासकांनी शुद्धतेचे दाखले वाटू नयेत. आपल्या गावातील जुने वादक, त्यांचे ताफे आणि त्यांच्या चाली यांची नोंद करावी. ज्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत, त्यांनाच पुढची पिढी ‘उपरे’ म्हणते.